गोधडीची जागा : ओटी, खळे आणि शिवणवर्ग

दिवाळी सरली की वसई, भिवंडी, कल्याण या पट्ट्यातील वीटभट्ट्यांवर जव्हार-मोखाड्याची माणसे उतरू लागतात. टेम्पोच्या हौद्यातून आधी कोंबड्या, मग पातेली, मग मुले आणि सर्वांत शेवटी एक भले मोठे बोचके खाली येते. त्या बोचक्यात घरातली सारी उब बांधलेली असते. पालाची काठी रोवण्याआधी बाई ते बोचके सोडते, एक गोधडी भुईवर टाकते आणि धाकट्या लेकराला तिच्यावर बसवते. तेवढ्या जागेला मग घर म्हणायचे. आपल्या धर्मग्रामांच्या वेशीवर हे दृश्य आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. गोधडी आपल्या डोळ्यांस पडते. ती कोठे शिवली गेली असेल, हा प्रश्न मात्र सहसा आपल्या मनात येत नाही.

आमच्याही मनात तो कधी आला नव्हता. पुढे सेवेच्या निमित्ताने जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात काही वर्षे राहण्याचा योग आला, तेथे आम्ही एक शिवणवर्ग काढला आणि तो फसला. त्या फसण्यातून हा प्रश्न आम्हांस पडला. वस्तूंचा इतिहास लिहिताना आपण कापड पाहतो, रंग पाहतो, टाका पाहतो. ज्या जागेवर ती वस्तू जन्मली त्या जागेचा इतिहास लिहिण्याचे राहून जाते. हा लेख त्या जागेविषयी आहे.

दोन गोधड्या, दोन इतिहास

चिंध्या जोडून पांघरूण करण्याची रीत आपल्या देशात फार जुनी आहे. संस्कृतातील 'कन्था' हा शब्द ठिगळांच्या वस्त्रासाठीच आहे. बंगालच्या कांथ्याचे नावही त्याच घरचे. बौद्ध भिक्षूंचे चीवर तुकडे जोडूनच सिद्ध होत असे. आपल्या मराठी मुलखात गोधडी, वाकळ, चौघडी, दुपटे अशी नावे थरांवरून, आकारावरून आणि गावावरून बदलत गेली. संत गाडगेबाबांना (१८७६-१९५६) लोक 'गोधडे महाराज' म्हणून ओळखत, ते त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांमुळे. आपल्याकडे गोधडी ही गरिबाची खूण आहे आणि विरक्ताचीही.

पण याच गोधडीची एक श्रीमंत बहीण होऊन गेली. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या काळात हिंदुस्थानातून लिस्बनला जाणाऱ्या मालात मिरी आणि मोत्यांबरोबर भरतकाम केलेल्या गोधड्याही असत. पोर्तुगीज भाषेत त्यांना 'कोल्शा' म्हणत. बंगालातील सातगावच्या आणि गुजरातेतील खंबायतच्या कोल्शांना युरोपात मोठी मागणी होती. पिवळसर टसर रेशमाच्या दोऱ्याने त्यांच्यावर जहाजे, शिकारी, इतकेच नव्हे तर सलोमोनाचा न्याय यांसारखे जुन्या करारातील प्रसंगही भरलेले असत. लिस्बनच्या राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात त्या आजही पाहावयास मिळतात. ज्या हातांनी त्या भरल्या, त्या हातांची नावे मात्र कोणी नोंदवून ठेवली नाहीत.

पोर्तुगीजांनी जाताना शिवणकामातले काही शब्दही आपल्यापाशी ठेवले. 'इस्त्री' हा शब्द त्यांचा, आणि बटणाचे 'काज' हेही त्यांचेच. समुद्रकाठी असे शब्द येत होते, माल जात होता. त्याच वेळी पूर्वेकडच्या डोंगरात, कोणत्याही जहाजाच्या यादीत न येणारी दुसरी गोधडी शिवली जात होती. तिचा माग आता घेऊ.

डोंगरातले घर

जव्हार हे संस्थानाचे गाव. परंपरेनुसार १३४३ साली महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याने येथे राज्य स्थापले, आणि सुमारे ३१० चौरस मैलांचे हे संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत त्याच घराण्याकडे राहिले. शेजारचा मोखाडा इंग्रजी अमलात ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याचा पेटा होता. म्हणजे एकाच डोंगररांगेतल्या वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी लोकांपैकी काहींचा धनी राजा होता, तर काहींचा कलेक्टर. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि दोन्ही तालुके त्यात आले. २०११ च्या जनगणनेत जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार आणि मोखाड्याची सुमारे ८३ हजार होती; दहांतील नऊ माणसे आदिवासी आहेत.

जव्हारचे पठार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच आहे. पावसाळा येथे चार महिने तळ ठोकतो आणि पौष-माघात पहाटेचा गारठा हाडांत शिरतो. जुने घर कारवीच्या कुडाचे, वर शेणमातीचा लेप. थंडी आणि पाऊस यांना थोपवायचे म्हणून भिंतीला खिडकी बहुधा नसते. आत चूल, धान्याची कणगी, एका अंगाला गुरे. अशा घरात दिवसादेखील सुईच्या नेढ्यात दोरा ओवता येत नाही.

म्हणून शिवणकाम ओटीवर आले. ओटीवर वरून छप्पर, समोरून उजेड आणि रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांवर नजर. आजीचे दुपटे, सुनेची चोळी, फाटक्या धोतराचे ठिगळ ही सारी कामे ओटीवर होतात. परंतु मोठी गोधडी ओटीवर मावत नाही. एका नऊवारी लुगड्याचे चार तुकडे केले आणि ते दोन-दोन जोडले, तर सुमारे दोन मीटर चौरसाचे दोन थर निघतात. असे चार-सहा थर एकावर एक सुरकुती न पडता अंथरायचे, ताणून घ्यायचे, आणि चारही बाजूंनी बायकांना बसता आले पाहिजे. म्हणजे दहा फूट लांब, दहा फूट रुंद अशी सपाट, स्वच्छ, कोरडी भुई हवी. डोंगरउतारावरच्या पाड्यात ती कोठून आणायची?

ती वर्षातून एकदा आपोआप तयार होते. भाताची कापणी झाली की झोडणीसाठी खळे करतात. जमीन चोपून, शेणाने सारवून आरशासारखी गुळगुळीत केलेली असते. भात घरात गेले की खळे रिकामे होते. आम्ही ज्या पाड्यात राहिलो तेथल्या म्हाताऱ्या बायका सांगत की त्यांच्या लहानपणी मोठ्या गोधड्या खळ्यावरच अंथरल्या जात. चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे, मध्ये लांब लांब टाचे घालायचे, आणि एकदा थर टाचून झाले की गोधडी गुंडाळून ओटीवर न्यायची. पुढचा बारीक धावदोरा मग फुरसतीने, एकीच्या मांडीवर एक बाजू आणि दुसरीच्या मांडीवर दुसरी, असा चालायचा. अंथरण्याची जागा निराळी आणि शिवण्याची निराळी, ही व्यवस्था कोणत्याही पुस्तकात न वाचता त्यांनी बसवली होती.

या व्यवस्थेला घड्याळही होते. खळे रिकामे होणे आणि भट्टीवर निघणे यांत फार दिवस नसतात. कुटुंबाने मुकादमाकडून उचल घेतलेली असते, टेम्पोचा दिवस ठरलेला असतो. तेवढ्या दिवसांत थर टाचून झाले नाहीत, तर ते कुटुंब जुन्याच गोधडीवर भट्टीवरची थंडी काढते.

कापड बदलले

गोधडी जुन्या कापडातून होते. त्यामुळे जुने होण्याइतके कापड आधी घरात असावे लागते. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली उभी राहिली आणि पुढच्या अर्धशतकात गिरणीचे स्वस्त लुगडे बाजारातून डोंगरापर्यंत पोचले. तरीही वारली बाईचे लुगडे गुडघ्यापर्यंतच असे आणि ते अंगावर विरेपर्यंत वापरले जाई. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली, १९४३ मध्ये सरकारने कापडावर नियंत्रण आणले. त्या दिवसांत चिंधीसुद्धा मोलाची झाली. १९४५ साली याच जिल्ह्यातील वारली वेठबिगारीविरुद्ध उठले. त्या लढ्याची हकिगत गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली आहे. ज्या घरात अंगभर वस्त्र नाही तेथे गोधडी ही मालमत्ता असते, आणि लेकीला सासरी पाठवताना ती द्यावी की ठेवावी हा मोठा प्रश्न असतो, हे आजच्या तरुण वाचकांनी ध्यानात घेतले पाहिजे.

पुढे कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या. त्या स्वस्त, झटपट वाळणाऱ्या, रंग न जाणाऱ्या. बायकांना त्यांचा आधारही वाटला. पण गोधडीसाठी त्या खोट्या ठरल्या. सुती कापड जितके जुने तितके मऊ होते, घाम पिते आणि एका थराला दुसरा थर धरून ठेवते. कृत्रिम साडी थरावरून घसरते, कापली की तिच्या कडा उसवतात, उन्हाळ्यात ती अंगाला चिकटते आणि ठिणगी पडली की आक्रसून जळते. आज पाड्यात दिसणाऱ्या गोधडीत वरचे व खालचे अंग सुती आणि पोटात कृत्रिम थर, अशी तडजोड पुष्कळदा आढळते. अशा गोधडीला टाचा जवळजवळ घालावा लागतो, म्हणजे अंथरण्याची जागा अधिक वेळ अडून राहते.

यंत्र आले, बाके आली

अमेरिकेत एलियास हाऊ यांनी १८४६ साली आणि आयझॅक सिंगर यांनी १८५१ साली शिवणयंत्राचे पेटंट घेतले. हिंदुस्थानात सिंगरचे काळे यंत्र शिंप्याच्या दुकानातून मध्यमवर्गाच्या माजघरात आले. १९३६ मध्ये कलकत्त्यात 'उषा' यंत्र तयार झाले आणि ते लेकीच्या लग्नात देण्याची वस्तू बनले. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनीदेखील १९२४ मधील एका संभाषणात शिवणयंत्राला अपवाद म्हणून मान्यता दिली होती. बायकोचे कष्ट पाहून सिंगरला हे यंत्र सुचले, असे त्यांचे म्हणणे होते.

स्त्रियांना स्वतःच्या पायांवर उभे करायचे तर शिवण शिकवावे, हा विचार महाराष्ट्रात याच काळात रुजला. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती सदन वसवले तेव्हा तेथील मुलींना हाताचे उद्योग शिकवले. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले आणि तेथील शिवणाच्या वर्गांनी कितीतरी विधवांना भाकरी दिली. आपल्या धर्मभगिनींच्या शाळांतून आणि वसतिगृहांतूनही शिवण हा विषय राहिला. स्वातंत्र्यानंतर सरकारने तो उचलला. १९७९ ची ग्रामीण युवकांच्या प्रशिक्षणाची योजना, १९८२ ची ग्रामीण स्त्रिया व बालकांच्या विकासाची योजना, १९९९ ची स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना, अशा प्रत्येक योजनेच्या कागदांत शिवणयंत्र आहेच. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. त्यानंतर या डोंगरात मदत आली, संस्था आल्या आणि त्यांच्याबरोबर शिवणवर्गही आले.

या साऱ्या प्रयत्नांविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु एक गोष्ट नजरेआड होऊ नये. शिवणवर्गाने आपली मांडणी शाळेकडून घेतली. समोर फळा, शिक्षिकेचे टेबल, मग यंत्रांच्या रांगा आणि प्रत्येक यंत्रामागे एक विद्यार्थिनी. पोलके, परकर, फ्रॉक, शाळेचा गणवेश यांसाठी ही मांडणी पुरते, कारण या वस्तू एका मांडीवर मावतात. गोधडी मावत नाही. शिवणवर्गाच्या अभ्यासक्रमातून गोधडी गळाली याचे कारण कोणी तिला कमी लेखले एवढेच नसावे. त्या खोलीत तिला ठेवायला जागाच नव्हती.

आमची चूक

आता आमच्या वर्गाची हकिगत. एका पाड्यालगत आम्हांस वीस बाय तीस फुटांची खोली मिळाली. उपकारकर्त्यांनी आठ यंत्रे दिली. आम्ही सेमिनरीत वाढलो. ज्ञान म्हणजे रांगेत बसून घ्यायची वस्तू, हे आमच्या हाडीमाशी खिळलेले. आम्ही चार-चार यंत्रांच्या दोन रांगा लावल्या, भिंतीवर फळा टांगला आणि वर्गाचा मुख्य उद्देश म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिले : गोधडी उद्योग. सहा महिन्यांत बायका परकर शिवायला शिकल्या, मुली फ्रॉक शिवायला शिकल्या. गोधडी एकही झाली नाही.

कारण साधे होते. पायाच्या यंत्रात सुई आणि यंत्राचा दांडा यांमध्ये वीतभर जागा असते. सहा थरांची गोधडी मध्यावर शिवायची तर निम्मे अंग गुंडाळून त्या वीतभर फटीतून सरकवावे लागते. उरलेले अंग टेबलावरून खाली लोंबते, आपल्या वजनाने कापड खेचते आणि सुई तुटते. पुढची रांग मागच्या रांगेला चिकटलेली, त्यामुळे लोंबणाऱ्या भाराला टेकू द्यायला जागा नाही. थर अंथरायचे तर यंत्रे बाहेर काढावी लागत. बायका चार दिवस झटल्या. मग गोधडीचे बोचके उचलून शेजारच्या घराच्या ओटीवर जाऊन बसल्या. आम्हांस राग आला. खोली सोडून ओटीवर का, असे आम्ही विचारले. एक आजी सुई न थांबवता म्हणाली, "फादर, गोधडी खुर्चीवर नाय बसत."

हे वाक्य पचवायला आम्हांस एक पावसाळा लागला. दोष बायकांच्या चिकाटीचा नव्हता, आमच्या मांडणीचा होता. आणि त्याहून खोल दोष हा की वर्ग मांडण्यापूर्वी, तुम्ही गोधडी कशी शिवता, हे आम्ही एकीलाही विचारले नव्हते.

खोली पुन्हा मांडली

पुढच्या हिवाळ्यात खोलीची मांडणी त्याच बायकांनी केली. आम्ही फक्त हातोडी धरली. आठांपैकी पाच यंत्रे पोलके-परकर शिवणाऱ्या मुलींना घरी दिली, तीन ठेवली. ती खिडकीखालच्या भिंतीला लावली, आणि प्रत्येक यंत्राच्या डाव्या अंगाला त्याच्याच उंचीची एक फळी ठोकली, म्हणजे कापडाचा भार फळीवर विसावतो आणि सुईवर ताण येत नाही. यंत्राचे काम दोनच : तुकड्यांना तुकडा जोडणे आणि शेवटी काठ घालणे. थरांमधला धावदोरा हातानेच. मधला सारा भाग मोकळा ठेवला. सिमेंटची भुई थंड आणि निसरडी, म्हणून तिच्यावर गोणपाट आणि वर चटया. चार कोपऱ्यांसाठी चार दगड ओढ्यातून आले. आम्ही आणलेल्या लोखंडी वजनांना कोणी हात लावला नाही.

कापड आल्याबरोबर निवडायचे, असे ठरले. तीन टोपल्या : सुती धड, सुती विरलेले, कृत्रिम. काठ आणि पदर वेगळे काढून दोरीवर टांगायचे, कारण ते शेवटी लागतात आणि ढिगात गेले तर सापडत नाहीत. दोऱ्यांची रिळे भिंतीवरच्या फळीत ठोकलेल्या खिळ्यांवर. सुया मोजून द्यायच्या आणि मोजून घ्यायच्या. अनवाणी रांगणारी मुले खोलीत असतात. आढ्याला दोन झोळ्या बांधल्या. हंडे भरून, भाकरी थापून बाई मोकळी होते ती अकराच्या सुमारास, आणि चारला तिला परत जायचे असते. वर्ग त्याच वेळेत. फळा काढला. त्या जागी टाचलेल्या गोधड्या अडकवायला बांबू बांधला, म्हणजे अर्धवट काम रोज गुंडाळून घरी न्यावे लागत नाही आणि उंदरांपासूनही वाचते.

एवढ्या बदलाने गोधडी टाचण्याचा काळ चार दिवसांवरून एका दिवसावर आला, आणि त्या वर्षी भट्टीवर निघण्यापूर्वी अकरा गोधड्या पुऱ्या झाल्या. त्यांपैकी एकही विकली नाही. सगळ्या त्यांच्या त्यांच्या बोचक्यांत गेल्या. गोधडी उद्योगाचा अहवाल लिहिताना ही गोष्ट आम्हांस अडचणीची वाटली, हे कबूल केले पाहिजे.

इतरत्र काय घडले

आपल्या अनुभवाला दुसऱ्यांच्या अनुभवाशेजारी ठेवले की तो नीट कळतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी लोक राहतात. गुलामगिरीच्या काळात आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्यांत कॅथोलिक आहेत, मुसलमान आहेत आणि हिंदूही आहेत. त्यांच्या बायका 'कवंदी' नावाची गोधडी शिवतात. कडेपासून आरंभ करून टाका आत आत नेत मध्यावर पोचायचे आणि कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांचे 'फूल' लावायचे, ही त्यांची रीत. कॅथोलिक सिद्दी बायका ठिगळांतून क्रूस जुळवतात. अमेरिकन कला-इतिहासकार हेन्री ड्र्यूवाल यांच्या सहकार्याने या बायकांनी एकत्र येऊन आपल्या कवंद्या बाहेरच्या जगासमोर मांडल्या. परंतु शिवणे अंगणात आणि ओसरीवरच राहिले. जागा त्यांचीच राहिली.

दुसरे उदाहरण दूरचे. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात १९६५ च्या डिसेंबरात फ्रान्सिस वॉल्टर नावाच्या एपिस्कोपल धर्मगुरूंना एका झोपडीबाहेर दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या दिसल्या. मतदानाचा हक्क मागितला म्हणून तेथल्या कृष्णवर्णीय कुळांच्या पोटावर तेव्हा पाय येत होता. त्या बायकांनी १९६६ मध्ये 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था काढली आणि न्यू यॉर्कमध्ये गोधड्यांचा लिलाव झाला. त्या आधी घरात शिवत, तेव्हा गोधडीची चौकट दोरांनी आढ्याला टांगलेली असे. काम संपले की ती वर ओढून घ्यायची आणि खाली निजायचे. १९६९ मध्ये त्यांनी स्वतःचे शिवणकेंद्र बांधले, त्याला मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव दिले. मुले सांभाळण्याची सोयही तेथे झाली. पुढे मोठ्या दुकानांच्या मागण्या आल्या तेव्हा सर्व नग एकसारखे हवेत अशी अट आली, आणि एकेकीच्या हाताची स्वतंत्र चाल मागे पडली. आज ती संस्था चालू नाही. मात्र त्या परिसरातील गोधड्या २००२ पासून मोठ्या कलासंग्रहालयांतून मानाने मांडल्या जात आहेत.

आपल्या जिल्ह्यातही असे एक उदाहरण आहे. वारली चित्र हे मुळात लग्नघराच्या भिंतीवर सुवासिनींनी लिहायचे. १९७० च्या दशकात ते कागदावर आले. गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) यांनी त्याला जगात पोचवले, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, याचा आपणां सर्वांना अभिमान आहे. परंतु भिंत सोडून चित्र कागदावर आले तेव्हा ते बहुतांशी पुरुषांच्या हाती गेले, हेही खरे. जागा बदलली की हात बदलतो. गोधडीचे असेच होईल काय, याचा विचार आताच केला पाहिजे.

कारण डोंगरातल्या घराची जागाही बदलते आहे. कुडाच्या घराजागी घरकुल येते. पंतप्रधान आवास योजनेतील ग्रामीण घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर आहे. त्यापूर्वी ते २० होते. भिंत पक्की, छत पक्के, पाऊस आत येत नाही. हे मोठेच सुख, आणि कोणी त्याला नावे ठेवू नयेत. पण त्या नकाशात ओटी बहुधा नसते. भातझोडणीची यंत्रे आली की खळेही सारवले जात नाही. ओटी गेली, खळे गेले, तर गोधडी कोठे अंथरायची? शंभर-दीडशे रुपयांचे सिंथेटिक ब्लँकेट मग आपसूकच आत येते आणि दोन हिवाळ्यांत विरून जाते.

आपण काय करावे

पवित्र शास्त्रात प्रेषितांच्या कृत्यांत यापो नगरीतील टबीथाची कथा आहे. तिचे निधन झाले तेव्हा माडीवरच्या खोलीत विधवा स्त्रिया रडत उभ्या होत्या आणि संत पेत्राला तिने शिवलेली वस्त्रे दाखवत होत्या. धर्मोपदेशात आम्ही ही कथा दानधर्माचे उदाहरण म्हणून कितीदा तरी सांगितली. हल्ली आमचे लक्ष त्या खोलीकडे जाते. त्या विधवा तेथे एकत्र येत असत, त्यांना एकमेकींचे टाके ओळखता येत होते, असे आम्हांस वाटते.

१९९८ मध्ये वसई धर्मप्रांत झाला तेव्हा जव्हार-मोखाडा आणि वसईची बागायत एकाच धर्मप्रांताच्या छत्राखाली आली. नाताळ जवळ आला की आपल्या धर्मग्रामांतून आदिवासी बांधवांसाठी ब्लँकेटे गोळा होतात. ती थांबवा असे आम्ही म्हणणार नाही. थंडीत कुडकुडणाऱ्या मुलाला वाद ऐकवून ऊब येत नाही. पण त्याबरोबर तीन गोष्टी करता येतील. कपाटात पडलेल्या जुन्या सुती साड्या, आजींची सुती लुगडी, धुऊन, कृत्रिम साड्यांपासून वेगळी करून द्यावीत. ढिगाने चिंध्या पाठवू नयेत, कारण त्या निवडण्यात पाड्यातल्या बाईचे दोन दिवस जातात. वर्गाला यंत्र देण्याआधी तेथल्या बायकांना भुई हवी की टेबल, हे विचारावे. आणि आपल्या धर्मग्रामाच्या शेजारी भट्टी असेल, तर दुपारी रिकामे पडलेले आपले सभागृह एखाद्या रविवारी उघडून द्यावे.

हे शेवटचे आम्ही करून पाहिले. बदली होऊन सखल भागात आल्यावर एका जानेवारीत भट्टीवरच्या सात बायका आमच्या सभागृहात आल्या. खुर्च्या एका बाजूला रचून आम्ही मधली फरशी मोकळी करून दिली. धर्मग्रामातल्या चार-पाच बायका आधी दारात उभ्या राहून पाहत होत्या. मग त्यांतली एक आत गेली, चप्पल काढली आणि गोधडीच्या रिकाम्या बाजूला मांडी घालून बसली. आपल्या सासूने शिकवलेला टाका तिने घालून दाखवला. पाड्यातल्या बाईने तो पाहिला, उसवला आणि म्हणाली, "बाय, तुझा टाका लांब पडतो. असा घाल."

संध्याकाळी खुर्च्या पुन्हा लावताना एक सुई मोजणीत कमी आली. ती सापडेपर्यंत आम्ही सर्वजण, कंदील लावून, फरशीवर गुडघ्यांवर होतो.